दुसरी भुवई

दातांत दोरा धरून राजकारणावर भाषण ठोकणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. दुबईत करामातल्या माझ्या पार्लरमधली नेपाळी दीदी. थ्रेडिंगच्या दोऱ्याचं एक टोक दातांत, बाकीचा दोरा दोन्ही हातांत, खाली गिऱ्हाईक डोळे मिटून कपाळ ताणून बसलेलं, आणि ओठांच्या कोपऱ्यातून दीदीचं चालू, "सगळे चोर आहेत, ताई." दातांत दोरा धरायला तिथं बंदी, म्हणून नगरपालिकेची तपासणीवाली बाई आली की दीदी दोरा तेवढ्यापुरता गळ्यात अडकवायची. तोंड तेव्हाही बंद नसायचं. पण खरंच भडकली की ती दोरा सोडून द्यायची, आणि मग मीसुद्धा काउंटरमागे जाऊन उभी राहायचे.

मराठी ती माझ्याकडेच शिकली. मी पडले नाशिकची, आणि दिवसभर तोंडात 'जळलं मेलं'. तिनं नेमकं तेच उचललं. "जळलं मेलं ते सरकार!" असं ती इतकं ठसक्यात म्हणायची की मराठी बायका मुद्दाम राजकारण काढायच्या. त्यांना करमणूक होत होती. तिचा मात्र जीव जळत होता, आणि तो उगाच नव्हे.

नेपाळात राजा जायचा होता तेव्हा तिचा पोरगा तान्हा होता. त्याला पाठीला बांधून ती भावाबरोबर मोर्च्यांत चालली. राजा गेला, लोकांचं राज्य आलं. नवरा त्याआधीच पळाला होता, शेजारच्या खोऱ्यात दुसरा संसार थाटून बसला होता. पोराला भावाकडे ठेवून ही दुबईला आली. पुढे पोरगा सोळाचा झाला आणि नागरिकतेचा दाखला काढायला गेला, तर वॉर्ड ऑफिसातले म्हणाले, बापाची सही आणा. दाखला नाही तर पासपोर्ट नाही, सरकारी नोकरी नाही, मत नाही. बाप सही द्यायला साफ नाही म्हणाला. कायद्यात आईसुद्धा चालते म्हणे. कायद्याच्या पुस्तकात चालते, वॉर्डाच्या टेबलावर चालत नाही.

"राजा होता तेव्हा बापाची सही मागायचे," दीदी म्हणायची. "राजा गेला, ताई. सही राहिली."

सुरुवातीला तिकडे नवं सरकार आलं की ती खालच्या दुकानातून जिलबी आणायची. आता नवी राज्यघटना होईल, आता आईचं नाव लागेल. सरकार पडायचं, दुसरं यायचं, परत जिलबी. एकदा मीच विचारलं, "अगं, काल तुमचा नवा पंतप्रधान झाला ना? जिलबी कुठाय?" तर म्हणाली, "खलास. आता जिलबीवाल्याचंच भलं होतंय."

मग तिच्या भावाचा पक्ष फुटला. कशावरून? खुर्चीवरून, दुसरं काय! ज्या मोर्च्यात हिचा भाऊ चालला, त्याच मोर्च्यात त्यांच्या वॉर्डाचा आताचा अध्यक्षही चालला होता, एका ताटात जेवले होते दोघं. आता अध्यक्ष एका गटात, भाऊ दुसऱ्या गटात. दाखल्याला वॉर्डाची शिफारस लागते, आणि अध्यक्षानं भावाला तोंडावर सांगितलं, तुझ्या भाच्याला माझी शिफारस मिळणार नाही. पोरगा बारावीला चांगला पास झाला होता. पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायला नागरिकता लागत होती. बसला घरी.

अशात त्यांचा एक मोठा पुढारी दुबईला आला, हिच्या भावाच्या गटाचा. इथल्या नेपाळी मंडळींनीही एकाच दिवशी दोन हॉल घेतले, एकात स्वागत आणि दुसऱ्यात निषेध. वर्षानुवर्षं एका खोलीत राहणारी माणसं एकमेकांकडे पाहीनाशी झाली. त्या दुपारी पुढाऱ्याची बायको माझ्या पार्लरमध्ये आली. संध्याकाळी स्टेजवर बसायचं होतं. थ्रेडिंगसाठी दीदीच्या खुर्चीवर बसली.

दीदीनं एक भुवई केली, अशी कोरीव की मी बघत राहिले. मग दोरा तोंडातून सोडला. मी काउंटरमागे सरकले.

"दूसरी नहीं होगी," ती नेपाळी सोडून हिंदीत म्हणाली, मला कळावं म्हणून. "उसके लिए पिताजी की सही लाइए."

बाईंना वाटलं, थट्टा आहे. "क्या?"

"हमारे यहाँ माँ के नाम पे काम नहीं होता ना? तो आपके नाम पे कैसे होगा? पिताजी को बुलाइए." आणि मग मुलाची सगळी हकीकत सांगितली, एकदाही आवाज न चढवता. 

बाई आरशात बघत होत्या. एक भुवई धनुष्यासारखी, दुसरी रानटी. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आप मालकिन हैं ना? समझाइए इसको!"

लायसन्स माझ्या नावावर, भाडं माझ्या डोक्यावर. पण माझ्याही तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हटलं, "मॅडम, दोरा उसके हाथ में है."

बाईंनी नवऱ्याला फोन लावला. नवऱ्यानं कुणालातरी लावला. "हो जाएगा, बहिनी," असा नवऱ्याचा आवाज स्पीकरवर सगळ्यांनी ऐकला. दीदीनं दोरा परत दातांत धरला आणि दुसरी भुवई पहिलीपेक्षा सुरेख केली. ती कामात कधीच लबाडी करायची नाही.

पुढाऱ्यानं फोन केला होता, खरंच केला होता. आणि त्यामुळेच सत्यानाश झाला! अध्यक्ष भावाला म्हणाला, त्या गटाचा फोन येतो होय मला? आता तर मेलो तरी देणार नाही. हे ऐकून मी इतक्या शिव्या दिल्या की दीदीलाच मला पाणी द्यावं लागलं.

शेवटी पोरगा सीमा ओलांडून भारतात आला. तिथं यायला त्यांना पासपोर्ट लागत नाही. माझ्या भावाच्या पुण्याच्या सोसायटीत वॉचमन म्हणून लागला. बारावीला चांगले मार्क मिळवणारं पोर गाड्यांना गेट उघडतंय! महिन्याभरात दीदीनंही व्हिसा कॅन्सल केला. "त्याला इथे येता येत नाही, मला तिथे जाता येतं," एवढंच म्हणाली. एअरपोर्टवर मी रडले. ती रडली नाही. तिनं माझ्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "ताई, दुसऱ्या मुलीला घाईत भुवया करू देऊ नकोस."

आता तिकडे पुन्हा नवं सरकार आहे. परवा फोनवर फोटो पाहिला. दोन्ही गट एक झाले. तो पुढारी आणि तो वॉर्डाचा अध्यक्ष एका हारात माना घालून हसत होते. मला मेलीला वाटलं, संपलं एकदाचं हे भिजत घोंगडं. लगेच पुण्याला फोन केला. "दीदी, आता काम होईल गं! दोघं एक झाले!"

"भाऊ वॉर्डात जाऊन आला," ती म्हणाली. "दोघं एकत्र बसले होते. आधी एकच नाही म्हणायचा, आता दोघं मिळून म्हणाले, बापाची सही आणा."

 मग म्हणाली, "काल सोसायटीत एका आजोबांनी माझ्या पोराला विचारलं, बाळा, गाव कुठलं तुझं? तर म्हणाला, आईचं गाव नेपाळात आहे. माझं नाही म्हणाला, ताई. आईचं म्हणाला."