कावळ्याला दिलेला शब्द

मार्गशीर्षातला रविवार, सकाळ. किन्हवलीच्या पुढे, नदीकाठी, दहाव्याला. हजर: काकू, त्यांचे मोठे दीर, मुरबाडकडून आलेला भाचा, भावकीतले पुरुष पाण्याजवळ, बायका वर झाडाखाली, पलीकडच्या वाडीतली एक बाई, सगळ्यांपासून जरा लांब, मोबाइल पदरात धरून, आणि मी. गैरहजर: ज्यांचा दहावा होता ते काका. आणि बराच वेळ, कावळा.

काका नात्यानं माझे कोणी नव्हते. आमच्या आळीत, दोन घरं सोडून राहायचे. जन्मभर पोस्टमन होते. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर घेतला आणि शिकायला माझ्याकडे आले. मी आटगावजवळच्या एका गोदामात हिशेब बघते. कॉम्प्युटर हा माझा छंद आहे आणि त्यामुळे माझा रविवार गावाचाच असतो. कुणाच्या वायफायची वायर उंदरानं कुरतडलेली, कुणाचा प्रिंटर कागद गिळून बसलेला, कुणाच्या टीव्हीवर नुसतं निळं. निम्म्या घरांत बटण बंद करून पुन्हा चालू केलं की काम होतं आणि चहा मिळतो. काकांना मात्र बटणापलीकडचं हवं होतं. त्यांना गावाची वेबसाइट करायची होती.

त्यांनी ती केली. एसटीच्या वेळा टाकल्या, रक्तगट टाकले, देवळाचा उत्सव टाकला. ते कोणी बघत नसे. बघत ते एकच पान, ‘आपल्यातून गेलेले’. गावात कोणी वारलं की काका त्या घरी जायचे, फोटो मागायचे, आणि त्या पानावर लावायचे. फोटो, नाव, काय काम करायचे. बस.

आमच्याकडे माणूस गेला की नाक्यावर बॅनर लागतो. बॅनर किती मोठा, खाली शोकाकुल म्हणून किती चेहरे, त्यावरून गेलेल्याचं वजन कळतं. वाडीतल्या माणसांचा बॅनर लागत नाही. काकांच्या पानावर सगळे फोटो एका मापाचे. माजी सरपंच आणि वीटभट्टीवर गेलेला मजूर शेजारी शेजारी. दीर एकदा म्हणाले होते, “अरे, जरा खाली-वर तरी कर.” काका म्हणाले, “पत्रं वाटताना मी कधी मोठ्या घराचं पाकीट मोठं केलं होतं का?” वाडीतल्या त्या बाईचा नवरा याच पानावर होता. घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता. जो होता तो पावसात भिजून गेला. मुलीच्या फोनवर ती रोज ते पान उघडून बघायची.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळे उंबरावर होते, खाली येत नव्हते. मग सुरू झालं.

“दादा, शेत इकणार नाय!” धाकट्या चुलतभावानं हाक दिली.

“वहिनीला अंतर देणार नाय!” दीर म्हणाले.

“छपराचं काम करून घेऊ रे!”

“त्याला चहा पायजे असंल,” मागून कोणीतरी म्हणालं.

“साखर बंद केली होती ना डॉक्टरनी, म्हणून रुसलाय.”

थोडे हसले. कावळा नाही. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला निघाले, म्हणजे इच्छा राहिली असं मानून पुढं जायचं. तेव्हा काकू झाडाखालून उठल्या. माझं मनगट धरून त्यांनी मला पाण्यापर्यंत नेलं.

“आवो, तुमचा फोटो तिथं लागंल. त्या पानावर. ही लावंल, मी सांगते तुमाला.”

कावळा आला, पिंडाला चोच मारली, भात घेऊन गेला. मी असल्या गोष्टी मानत नाही. लोक गप्प झाले म्हणून तो आला असेल. पण त्यानंतर सगळे माझ्याकडे बघत होते.

“आता तुझ्यावर हाय गो बाय,” दीर म्हणाले.

मला वाटलं, तासाभराचं काम आहे.

तेरावं उरकल्यावर कामाला लागले. पहिलं म्हणजे काकांचा कॉम्प्युटर, वेबसाइटचा पासवर्ड त्यातच साठवलेला असणार. बटण दाबलं तर आतून टकटक आवाज आला आणि थांबला. हार्ड डिस्क गेली होती. काका आजारी असताना कॉम्प्युटर बंदच होता. केव्हा गेली कोणाला माहीत नाही. पासवर्ड त्यांनी कुठंही लिहिलेला नव्हता. पासवर्ड लिहिला की चोरीला जातो, हे मीच त्यांना शिकवलं होतं आणि शिकवलेलं बरोबरच होतं.

दुसरं म्हणजे पासवर्ड बदलणं. ते अवघड नसतं. वेबसाइटवाल्यांना सांगायचं की पासवर्ड विसरलो, ते मोबाइलवर एक आकडा पाठवतात, तो टाकायचा. काकांच्या मोबाइलवर.

“मोबाइल कुठाय, काकू?”

“दिला.”

“कोणाला?”

“भाच्याला. त्येरव्याला. छत्री, चपला, गादी, तांब्या, आनि फोन. त्यांच्या आवडीचं सगळं द्यायचं असतं ना. फोनपरीस आवडीचं काय होतं त्यांचं?”

आमच्याकडे भाच्याला दिलेलं दान ब्राह्मणाला दिल्यासारखं असतं. पूर्वी त्यात कंदील असायचा, मग बॅटरी आली. आता फोन. दीरांनी स्वतः हळदकुंकू लावून तो दिला होता.

मी मुरबाडची गाडी पकडली आणि तिथून टमटम करून भाच्याच्या गावी गेले. तो दारात कोंबड्यांना भात टाकत होता. पायात काकांच्या चपला होत्या. मी कशाला आले ते सांगितलं.

“ताई, दान परत घेत नाय कोणी. पाप मामीला लागंल.”

“फोन नकोय. त्यावर एक आकडा येईल, तेवढा वाचून सांगा.”

त्यानं उरलेला भात कोंबड्यांपुढे टाकला, हात धुतले. मग फोन आणला. फोन नव्यासारखा कोरा होता. आतलं सगळं पुसलेलं, सिम वेगळं.

“जुनं सिम?”

“सोडलं.”

“कुठं सोडलं?”

“नदीत.” तो माझ्याकडे न बघता बोलत होता. “काय करू मंग? रोज फोन. मामा हायेत का, मामा हायेत का. कोन म्हनतो, आमची आजी वारली, फोटो लावायचाय. मेलेल्या मानसाला मेलेल्यांचे फोन, ताई. बायको जेवंना. मंग नारळ घेतला, फूल घेतलं, आनि सोडलं पान्यात. चांगलं सोडलं, हात जोडून.”

त्याला बोलण्यात अर्थ नव्हता. त्यानं जे केलं ते घाबरून आणि विधीनं केलं होतं. त्याच्या बायकोनं मला जेवायला वाढलं. फोन आमच्यामध्ये पाटावर पडून होता. कोणी हात लावत नव्हतं.

तिसरं म्हणजे तोच नंबर पुन्हा घेणं. वारसाला तो मिळतो. काकूंना घेऊन मी शहापूरला मोबाइलच्या दुकानात गेले. मृत्यूचा दाखला, आधार, फोटो, सगळं एका पिशवीत. काउंटरवरच्या मुलीनं नंबर टाकला आणि पडद्याकडे बघत म्हणाली, “हा नंबर यांच्या नावावर नाहीये.”

“मग कोणाच्या?”

“ते नाही सांगता येणार.”

काकांनी सिम घेतलं तेव्हा दुकानदार कोणाच्याही कागदावर सिम द्यायचे. गठ्ठ्यातला एक कागद काढायचे, लावायचे, झालं. इतकी वर्षं गाव ज्या नंबरवर काकांना हाक मारत होतं, तो कुणा परक्या माणसाचा होता.

काकू बाहेर येऊन बाकावर बसल्या. “म्हंजे ते फोनवर बोलायचे ते काय खोटं?”

“नाही काकू. नुसता कागद खोटा.”

“कागदानंच अडलंय ना पन.”

चौथं. वेबसाइटवाल्यांना पत्र लिहिलं. मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर आलं की नोंदलेल्या ईमेलवरून लिहा. ईमेल उघडायला गेले, तर तेही त्याच नंबरवर आकडा पाठवत होतं. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर आलं, शब्दही तेच. पलीकडे माणूस नव्हता.

मग मी मला येतं ते केलं. पान अजून दिसत होतं, म्हणून त्यावरचा एकेक फोटो आणि मजकूर उतरवून घेतला. नव्या नावानं नवी वेबसाइट तयार केली. त्याच मापाचे फोटो, तोच क्रम, आणि शेवटी काका, पोस्टमन. लॅपटॉप घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

“हे त्यांचं नाय.”

“सगळं तेच आहे, काकू. फक्त पत्ता नवा आहे.”

“पोस्टमनच्या बायकोला सांगते का पत्ता बदलला तर काय होतं?” त्या हसल्या नाहीत. “मी त्या पानावर लावीन म्हनले. कावळा त्याच्यावर आला. दुसरीकडं लावला म्हंजे मी त्यांना फसवून लावलं. ते अजून तिथंच वाट बघत असतील गो.”

“पण ते पान बंद पडेल. वर्षाचं भाडं संपलं की ते आपोआप जातं, आणि आत शिरल्याशिवाय भाडं भरता येत नाही.”

“तोवर लाव मंग.”

त्यांना रात्री झोप नव्हती. जेवण अर्धं झालं होतं. दीरांच्या घरात म्हैस आजारी पडली तर जाऊबाई म्हणाल्या, शब्द पाळला नाही ना.  म्हशीचा आणि ओटीपीचा संबंध नाही, हे कोणाला समजावणार?

मी प्रयत्न करत राहिले. जुन्या मित्रांना विचारलं, डिस्क एकाला दाखवली. त्यानं उघडून बघितली आणि तशीच परत दिली. आतली तबकडी घासली गेली होती.

परवा सकाळी गोदामाला निघाले, तर वाडीतली ती बाई फाटकापाशी उभी होती. हातात मुलीचा फोन.

“ताई, माजा मानूस दिसत नाय.”

मी फोन घेतला. पान उघडलं नाही. पुन्हा उघडलं. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती की हे नाव आता कोणाचंही नाही.

“रेंज नाय का?” तिनं विचारलं.

“रेंज आहे. पान गेलं.”

“काकांच्या मागं गेलं?”

 मी आत जाऊन लॅपटॉप उघडला, तिच्या नवऱ्याचा फोटो तिच्या फोनमध्ये टाकला. नेट नसलं तरी दिसेल असा. कुठं दाबायचं ते दोनदा दाखवलं. तिनं तिसऱ्यांदा स्वतः दाबून बघितलं.

“आता ह्यो जानार नाय ना?”

“फोन सांभाळा.”

“आनि काकांचा?”

“तयार आहे.”

“मंग लावा ना,” ती म्हणाली आणि वाडीच्या रस्त्याला लागली.

काकूंचं दार उघडं होतं. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, “काय झालं गो? ती कशाला आली होती?” मी म्हणाले, फोन बिघडला होता. गाडीची वेळ झाली होती.

काकूंना सांगायचं राहिलं आहे.