सगुणाबाईंची भाडेकरू

सगुणाबाई मढवींनी आपल्या सुनेला पहिल्यांदा नीट पाहिलं ते लग्न उरकून पाहुणे पांगल्यावर. मांडवात नवरी दिसतेच कुठे? दिसतो तो शालू, मुंडावळ्या आणि पुढ्यात वाकलेला फोटोग्राफर. त्या सकाळी कोलशेतच्या घरामागच्या ओट्यावर सगुणाबाई विळी घेऊन मासळी साफ करत बसल्या होत्या. सून मागच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आपल्याजवळ बसण्याची अनुमती आहे का?"

सगुणाबाईंना हसू आवरेना. "अनुमती? बस गो बाय! ही काय कोर्टाची पायरी हाय?"

मुलगी बसली. तिने बाह्या मागे सारल्या, एक बोय उचलली, शेपटीकडून डोक्याकडे खवले काढले आणि पोट साफ करून ताटलीत ठेवली. हात चालू असताना ती काहीतरी गुणगुणत होती. सगुणाबाईंनी कान दिला तर जात्यावरची ओवी! शब्द जरा झिजलेले, पण चाल त्यांच्या आईच्या तोंडची. ही पोर मॉरिशसमध्ये जन्मलेली, बहिणींशी फोनवर क्रिओल बोलणारी, तिकडच्या शाळेत फ्रेंच शिकवणारी. बोटीवर नोकरी करणाऱ्या रत्नदीपला ती तिथल्या बंदरगावात भेटली आणि त्याच्या मागोमाग इतक्या लांब नांदायला आली. सगुणाबाईंच्या मनातली अढी त्या ओट्यावरच गळून पडली.

सुनेचं नाव श्रिया. म्हणजे सगुणाबाईंनी ठेवलेलं. मासळीची पाटी घेऊन त्या टॉवरांच्या आवारात जायच्या, तिथे एक बाई आपल्या लेकीला या नावाने हाक मारायची. ते नाव त्यांच्या मनात भरलं होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, रत्नदीपने अंगठीने त्यांत 'श्रिया' लिहिलं, बायकांनी अक्षता टाकल्या. मुलीने हसून हात जोडले. ओटीत नारळ पडावा तसा हाही एक आशीर्वादच असेल असं तिला वाटलं. तिचं पासपोर्टवरचं नाव होतं रुचिता गोमाजी.

रत्नदीप पुन्हा बोटीवर गेला, तो दिवाळीलाच परतणार होता. इकडे रुचिताला ठाण्यातल्या एका खाजगी शाळेत फ्रेंच शिकवायची नोकरी लागली. शाळेने अट घातली ती साधीच. पगार जमा करायला स्वतःच्या नावाचं बँक खातं पाहिजे, आणि ते महिनाअखेरीच्या आत. नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावू.

"एवढंच ना?" सगुणाबाई म्हणाल्या. "चल. मी येते. घरचं माणूस बरोबर असलं की कामं होतात."

पहिली बँक नवी, चकचकीत. मितेश नावाचा टाय लावलेला मुलगा खुर्ची ओढून देत म्हणाला, "आंटी, टेन्शनच नाही. सरांच्या अकाउंटला मॅमचं नाव जोडून टाकू. फॅमिली पॅकेज आहे, लॉकर फ्री."

"मला लॉकर नको," रुचिता म्हणाली. "माझ्या पगारासाठी सामान्य खातं हवं. ज्यातून मी भाजी घेऊ शकेन."

"तेच मॅम, सामान्यच. सरांच्या नावाखाली."

"सरांच्या नावाखाली कशासाठी? शिकवणार मी आहे."

"मॅम, फॉरेनर आहात ना, म्हणून सिस्टीम..."

"अरे पोरा," सगुणाबाई मध्ये पडल्या, "तुझे सर समुद्रात हायत. पगार काय त्यांना देतायत? आमच्यात मासळी पुरुष आणतो, पैसा बाईच्या हातात असतो. तुझ्या आयशीला जाऊन इचार तिच्या हातात काय असतं!" आणि मुलाने मागवलेला चहा येण्याआधीच त्या उठल्या.

दुसरी बँक जुनी, सरकारी. सगुणाबाईंचं स्वतःचं खातं तिथेच होतं, म्हणून त्या मालकिणीच्या थाटात आत शिरल्या. काउंटरवरच्या बाई तर त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाईक. बाईंनी पासपोर्ट पाहिला, भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते कार्ड पाहिलं.

"पत्त्याचा पुरावा?"

सगुणाबाईंनी घरपट्टीची पावती पुढे सरकवली.

"ही तुमच्या नावाची आहे. या तुमच्या कोण?"

"सून."

"त्याचा पुरावा?"

लग्नाचा दाखला पुढे आला. बाईंनी तो वाचला, पासपोर्ट पुन्हा उघडला, चष्मा कपाळावर चढवला. "यावर वधू श्रिया मढवी आहे. पासपोर्टवर रुचिता गोमाजी. मग ही श्रिया कोण?"

"मीच," रुचिता म्हणाली.

"कागद तसं म्हणत नाही."

सगुणाबाईंचा पारा चढला. "मी म्हणते ना! दर रविवारी माझ्याकडून सुरमई नेता, भाव करता, वर दोन कोलंब्या जास्त मागता. तेव्हा वळखता मना, आणि काचेमागं बसलात की पुरावा पाहिजे?"

"तुम्हाला ओळखते हो सगुणाबाई. पण तुम्ही ओळखता म्हणून मी हिचं खातं कसं उघडू?" बाई जरा वरमल्या. "आणि गोमाजी हे कसलं आडनाव? हे तर पुरुषाचं नाव. तिकडच्या पासपोर्टवर सासरचं नाव लावून आणा, प्रश्नच मिटला. सगळ्याच बायका लावतात. पण मला सांगा, दाखल्यावर हे श्रिया लिहिलं कोणी?"

मागच्या रांगेतली माणसं ऐकत होती. रुचिता सासूकडे बघत होती. सगुणाबाईंनी कागद गोळा केले आणि त्या बाहेर पडल्या.

रिक्षात बसल्यावर त्यांचं तोंड सुटलं. बँकेचा उद्धार झाला, बाईंच्या चष्म्याचा झाला, मग गाडी सुनेवर आली. "तू पण कशाला एवढं ताणतेस गो? लाव की मढवी. चांगलं घर हाय आमचं."

रुचिताने सासूशी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही, पण तिची ती पुस्तकी मराठी सुरीसारखी लागली. "आई, आपण मला विचारलं नाही. मला वाटलं की ते तांदळातलं नाव तांदळातच राहील."

"त्यात इचारायचं काय? माझं नाय बदललं? सगळ्यांचं बदलतं."

"आपलं आधीचं नाव काय होतं?"

"गप. रिक्षावाला ऐकतोय."

रुचिता बाहेर बघत म्हणाली, "माझे एक पूर्वज रत्नागिरीकडून ऊस तोडायला जहाजाने गेले. बंदरावरच्या गोऱ्या कारकुनाने फक्त 'गोमाजी' लिहून घेतलं. गाव चुकीचं लिहिलं, आडनाव लिहिलंच नाही. आमच्याजवळ गाव राहिलं नाही, देवही अर्धे विसरलो. तो एक माणूस राहिला. या देशाने मला कार्ड दिलं तेही त्याच्या नावावर दिलं. त्याला पुसून मी खातं उघडू?"

घरी आल्यावर सगुणाबाईंच्या हातून भांडी फार वाजली.

दुसऱ्या दिवशी बाजारात पाटीपुढे बसल्या बसल्या त्यांचा राग एका जागी टिकेना. बँकेवरून मितेशवर जायचा, मितेशवरून बाईंवर, आणि फिरून पुन्हा त्या एका प्रश्नाशी यायचा: लिहिलं कोणी? लिहिलं होतं काळुरामने, त्यांच्या बहिणीच्या मुलाने. तो लोकांची सरकारी कागदपत्रं करून द्यायचा. सांगितलं होतं सगुणाबाईंनी. "नवीन नाव घाल रे, जुनं कशाला?" असं पेढे वाटता वाटता म्हणाल्या होत्या. त्याने पासपोर्टची झेरॉक्स जोडली आणि नाव ताटातलं लिहिलं.

संध्याकाळी त्या काळुरामच्या दारात उभ्या राहिल्या. "पासपोर्ट समोर असून दाखल्यावर दुसरं नाव लिहितोस?"

"मावशी, तूच सांगितलेलंस!"

"मी सांगितलं म्हणून लिहिलंस? मी अडाणी, तू शिकलेला. पोरीला एक शब्द इचारायला तोंड झडलेलं तुझं?"

"अगं, पण कोणीच विचारत नाही नवरीला. मी एवढे दाखले केले..."

"मग एवढ्या पोरींचा घोळ केलायस तू! दाखला दुरुस्त कर."

"त्याला रत्नदीपची सही लागेल, समोर उभं राहून. तो दिवाळीला येणार."

दिवाळीपर्यंत शाळा थांबणार नव्हती. काळुरामने अंग चोरत एक वाट सांगितली. कल्याणला एका बँकेत चांगदेव म्हणून अधिकारी आहेत, बाहेरदेशच्या माणसांची खाती तेच बघतात, त्यांना एकदा भेटा.

कल्याणची शाखा बाजारपेठेतल्या एका जिन्यावर होती. पंखा कुरकुरत होता, पण चांगदेवांनी पहिल्यांदा पासपोर्ट उघडला आणि तो शेवटपर्यंत वाचला. लग्नाचा दाखला बाजूला ठेवून ते म्हणाले, "रुचिताताई, तुम्ही कोण आहात ते पासपोर्टवर आणि या कार्डावर स्पष्ट आहे. नवऱ्याचं नाव मला नकोच आहे. फक्त तुम्ही राहता कुठे त्याचा पुरावा द्या. घर कोणाचं?"

"माझं," सगुणाबाई म्हणाल्या.

"मग सोपं आहे. नोंदणी केलेला भाडेकरार करा. घरमालक तुम्ही, भाडेकरू या."

सगुणाबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या उभ्याच राहिल्या. "घरच्या सुनेला भाडेकरू करू? माप ओलांडून आणली हिला मी! कोलीवाड्यात लोकं तोंडात शेण घालतील. सासू समोर उभी राहून सांगते, माझ्या घरात राहते, माझ्या ताटात जेवते, ते तुमच्या बँकेला चालत नाय. आणि खोटी घरमालकीण झाले की चालते?"

"राग बरोबर आहे तुमचा," चांगदेव शांतपणे म्हणाले. "पण आमच्या नियमात सासू बसत नाही, घरमालक बसतो. नियम मी केला नाही."

"मग करणाऱ्याला सांगा, मढवीण येऊन गेली म्हणून!"

जिना उतरताना रुचिता म्हणाली, "आई, राहू द्या. मी शाळेला नाही म्हणून कळवते. पगारासाठी आपला अपमान नको."

सगुणाबाई पायरीवरच थांबल्या. ही पोर नोकरी सोडायला तयार होती, नाव सोडायला नाही, आणि त्यातही सासूचा मान बघत होती. आपलं नाव बदललं तेव्हा आपण काय सोडलं, हे त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "शाळेला काय कळवत नाय तू. चल, काळुरामकडं जायचंय."

कराराची बातमी त्यांच्याआधी गल्लीत पोचली. शेजारच्या हौसाबाई नळावरूनच ओरडल्या, "काय गो सगुणे, सुनेकडून भाडं उकळतेस म्हणं! डिपॉझिट किती घेतलंस?"

"तुझ्या सुनेला पाठव, तिला स्वस्तात खोली देते," सगुणाबाई म्हणाल्या. "तुझ्याकडं तर फुकटात बी टिकत नाय!" हौसाबाईंची सून वेगळी राहत होती, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

ठाण्याच्या नोंदणी कचेरीत काळुरामने मावशीला बजावलं होतं, तू काही बोलू नकोस, फक्त अंगठा दे. फोटो झाला, अंगठे झाले. कारकुनाने सवयीने विचारलं, "मावशी, भाडेकरू माहितीतले आहेत ना?"

"माझी सून हाय," सगुणाबाई कचेरीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. काळुरामने कपाळावर हात मारला. "सून बी हाय नि भाडेकरू बी हाय. रुचिता गोमाजी नाव हाय तिचं. आता लिवा काय लिवायचं ते."

कारकुनाने पडद्याकडे पाहिलं. "नात्याचा रकानाच नाही मावशी," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

खातं महिना संपायच्या आत उघडलं. कोलशेतच्या जवळ बँका असताना रुचिताने कल्याणचीच ठेवली. खातं उघडलं त्याच संध्याकाळी सगुणाबाईंनी मागच्या ओट्यावर सुनेला आपलं माहेरचं नाव सांगितलं, आणि ते कोणाला सांगायचं नाही असा दमही दिला. गल्ली अजून तिला श्रिया म्हणते. सगुणाबाई मात्र ओट्यावरून हाक मारतात, "गोमाजी, चाय ठेव गो!"

दिवाळीला रत्नदीप आला, दाखल्याच्या दुरुस्तीचा अर्ज देऊन परत गेला. दाखला अजून आलेला नाही. तोवर मुदत संपली म्हणून भाडेकरार पुन्हा केला आहे. रुचिता गोमाजी ठाण्याच्या त्याच शाळेत फ्रेंच शिकवते, तिचा पगार कल्याणच्या तिच्या खात्यात जमा होतो, आणि कागदावर ती सगुणाबाई मढवींची भाडेकरू आहे.