कातऱ्यांना धार लावायचं काम

दिवाळी सरली की आमची मेंढरं पेडगावजवळच्या वस्तीवरनं निघायची आणि पूर्णेच्या काठानं येलदरीकडच्या डोंगरात जायची. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मीही धन्याच्या मागं चालले. निजामाचं राज्य होतं, पण आम्हाला राजापेक्षा पुढच्या शिवारात कुणाचं रान मोकळं झालंय त्याची काळजी असायची.

सगळं बिऱ्हाड तट्टावर असायचं. भांडी, घोंगड्या, नुकती जन्मलेली कोकरं. एका वर्षी झरीच्या पुढं ओढ्यात उतरताना तट्टू घसरलं आणि माझा पाय त्याच्याखाली सापडला. हाड बसवणाऱ्या म्हातारीनं कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं.

"तू आता घरीच ऱ्हा," धनी म्हणाले. "आबा बी एकटेच हायेत. त्यांच्या भाकरीचं बघ."

रागानं बोलले असते तर मी भांडले असते. ते अगदी साधं बोलले, म्हणून मी राहिले.

मेंढरं गेली की वस्ती ओस पडायची. मागं चार म्हातारी माणसं आणि मी. घरात मामा, म्हणजे माझे सासरे, आणि मी, आणि दोघांत शब्द नाही. सुनेनं सासऱ्यासमोर पदर ओढून राहायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि मामा कधी विचारायचे नाहीत. मी भाकरी ठेवायची, आत जायची. ताट सरकल्याचा आवाज आला की बाहेर यायची. कधीकधी चुलीशी मी उगीच मोठ्यानं खाकरायची. आपला आवाज अजून हाय का, ते बघायला.

मामांकडं साऱ्या वस्तीच्या कातऱ्या यायच्या. लोकर कातरायच्या आधी त्यांना धार लावावी लागे. लाकडी पेटीत त्यांची हत्यारं असत: एक कानस, ओढ्यातला खरबरीत दगड, बारीक पोताचा काळा निसणा म्हणजे धारेचा दगड, विटेची भुकटी, करडीचं तेल आणि चामड्याचा एक पट्टा. पण त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला होता, नीट दिसायचं नाही. एका दुपारी कानस घसरली आणि अंगठा कापला. मी धावत गेले, चिंधी बांधली आणि त्यांच्या हातातली कातर घेतली.

त्यांनी पेटी माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "धर. पातं अंगाकडं नको, तिकडं ढकल."

माझ्याशी ते पहिल्यांदाच एवढं बोलले.

त्या दिवसापासून मी घासायची आणि ते कान देऊन बसायचे. आधी कानशीनं पात्याला पडलेली खांडं काढायची, मग खरबरीत दगड, मग पाणी टाकून निसणा. आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. "खरखर यायलीय. अजून घास." नाहीतर, "बस, आता चामड्यावर घे." मी एकदा पात्याच्या आतल्या बाजूला कानस लावायला गेले तेव्हा मात्र ओरडले, "आतून न्हाई! आतून घासली की पाती एकमेकाला भिडत न्हाईत. लोकर नुसती दुमडती." शेवटी लोकरीचा झुपका कातरून बघायचा. कच्चकन तुटला की ते मान हलवायचे. त्यावर दिवस संपायचा. कामापलीकडं एक शब्द नाही.

उन्हाळ्यात मेंढरं परतली तेव्हा तट्टासोबत एक बाई चालत आली. धन्यानं तिकडंच दुसरं लग्न केलं होतं.

"बिऱ्हाडामागं बाई लागती," ते म्हणाले. "तुला काय कमी करणार न्हाई."

मामा भिंतीकडं तोंड करून बसले. मी तिच्या पायांवर पाणी घातलं. पाय माझ्यासारखेच भेगाळलेले होते, पण दोन्ही सरळ. त्या हंगामात माळावर लोकर कातरताना मी धार लावलेल्या कातऱ्यांचा आवाज घरापर्यंत यायचा. ती तिथं लोकर गोळा करत होती. मी दारात बसून ऐकायची.

दुसऱ्या वर्षी मेंढरं आली तेव्हा ती कातर घेऊन माझ्यापाशी आली. "आक्का, ही लोकर चावायलीय. मी दगडावर घासली तर लयच बिघडली."

कातर आतून घासली होती. मी म्हणाले, "मला कशाला सांगायलीस? धन्याला सांग."

ती उठली नाही. तिनं कातर माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाली, "ते तिकडं बोलतच न्हाईत, आक्का. दिसभर मेंढरामागं. मी कोकरांशी बोलते."

मला वाटायचं, ती दोघं तिकडं शेकोटीला बसून हसत असतील. किती रात्री मी ते हसणं मनात ऐकलं होतं. मी तिच्याकडं निसणा सरकवला आणि म्हणाले, "पाणी टाक. पातं तिकडं ढकल." त्या आठवड्यात ती रोज धारेला माझ्याजवळ बसली. मग पावसाळा गेला, दिवाळी सरली आणि ती तट्टामागं निघून गेली.

त्या थंडीत मामा अंथरुणाला खिळले. एका सकाळी मी भाकरी कुस्करून दूध घालत होते, तर त्यांनी विचारलं, "पोरी, तुझं म्हायेर कुठलं गं?"

माझी सोयरीक त्यांनीच जमवली होती. माझ्या बापाशी बोलायला तेच आले होते; त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

"सेलूकडचं, मामा," मी म्हणाले.

"लांब हाय," ते म्हणाले. "लय लांब आलीस."

पुढं ते काही बोलले नाहीत. दुपारपर्यंत गेले. वस्तीवर पुरेशी माणसं नव्हती, म्हणून पेडगावातनं शेतकरी आले आणि त्यांनी माती दिली. धन्याला सांगावा वेळेवर पोचला नाही.

मेंढरं उन्हाळ्यात परतली. सवत दारातच बसून रडली. धनी पाणी प्यायले आणि विचारलं, "जाताना आबा काय बोलले का?"

ते बोलणं माझ्याशी झालं होतं. ते मला वाटून घ्यायचं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणाले, आणि जेवणाला पानं मांडली.