लाल पोटाचं विमान
एरंडेल जळल्याचा वास आला की मला मारेगावजवळचं, कपाशीची पऱ्हाटी उपटलेलं वावर आठवतं, कारण मामाच्या विमानाच्या इंधनात एरंडेल असायचं. रिमोटवर उडणारं ते कसरतीचं विमान त्याने तरुणपणी हलक्या बाल्सा लाकडातून स्वतः घडवलं होतं. पंखांचा फुगवटा वरून-खालून सारखाच, त्यामुळे ते उलटं झालं तरी सुलट्यासारखंच उडायचं. फरक कळायचा तो रंगावरून, पाठ पिवळी आणि पोट लाल; खालून पिवळं दिसलं की विमान उलटं. एका सकाळी त्या वावरात विमान उंच गेलं आणि मोतीबिंदू झालेल्या मामाला नुसता ठिपका दिसू लागला. "रंग सांग वं," तो म्हणाला. "पिवळा," मी पुटपुटले. "कोणाले सांगून राह्यली, मुंग्यांले?" विमान खाली येत होतं, उलटं असताना त्याने नेहमीसारखं वर खेचलं असतं तर ते जमिनीत घुसलं असतं. "पिवळा, मामा! पिवळा!" मी एवढ्यांदा ओरडले की बांधावरचे बगळे उडाले. त्याने विमान पालटलं, लाल पोट दिसलं आणि ते अलगद उतरलं. पुढे मामाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता त्याला रंग स्वच्छ दिसतात. तरी विमान वर गेलं की तो म्हणतो, "बोल वं." आणि ऑफिसात जिचा आवाज कोणाला ऐकू जात नाही ती मी मोकळ्या वावरात ओरडते, "लाल, मामा, लाल!"