रामटेकचा प्रसाद आणला नाही

मुलांना घरी ठेवून आम्ही दोघं शनिवार-रविवार जंगलात राहून आलो. हे लिहितानाही कुणाची तरी परवानगी घ्यावी असं वाटतं, म्हणून ते आधीच लिहून टाकलं.

आमच्या घरात नवरा-बायकोनं बाहेरगावी जायला कारण लागतं. लग्न, तेरवी, नाहीतर देव. त्यामुळे पारशिवनीच्या पुढे, पेंचच्या पाण्याजवळ खोली घेतली आहे असं सांगितल्यावर आई मेथी निवडता निवडता थांबली.

"काहून गा, लेकरायले सोडून जंगलात काय काम आहे तुमचं?"

मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. आम्ही कधी निघतो याची त्या दोघांनाच जास्त घाई होती, हे मी तिला सांगितलं नाही. मग आईनंच वाट काढली. येताना रामटेकला जा, प्रसाद आणा, दोघं नवस फेडायला गेलेत, असं मी शेजारी सांगते. मी हो म्हणालो. मला हो म्हणायची सवय आहे.

पहिला दिवस मी जवळपास वाया घालवला. समोर एवढं पाणी, पलीकडे सागाचं रान, आणि मी घरी फोन करत होतो. गॅस बंद केला का, आजीनं गोळी घेतली का. शेवटी मुलगी वैतागली. "बाबा, आम्ही मॅगी खाऊन राहिलो. तुम्ही पण काहीतरी करा न." बायको इतकी हसली की काठावरचा बगळा उडाला.

जेवताना तिथल्या बाई गरम फुलके आणून वाढत होत्या. बायको पहिल्यांदा उठायलाच निघाली, मी वाढते म्हणून. त्या बाईंनी तिला दटावून बसवलं. मग ती जेवली. तव्यावरून थेट ताटात आलेला फुलका ती आमच्या घरात कधी खात नाही, कारण तव्याजवळ तीच असते. हे मला माहीत होतं. माहीत असून मी इतकी वर्षं दुसरा फुलका मागत आलो.

सकाळी ऊन खिडकीतून तिच्या तोंडावर आलं तरी ती झोपलेली होती. लग्नानंतर मी तिला दिवसाउजेडी अशी झोपलेली पाहिली ती फक्त आजारपणात. मी पडदा ओढला आणि फोन बंद करून ठेवला. मुलांची आठवण येत होती, अपराधीही वाटत होतं. पण तिला उठवलं नाही.

परतताना हायवेला लागायची वेळ आली. डावीकडे रामटेक, उजवीकडे नागपूर. मी डावीकडचा इंडिकेटर दिला.

"कुठं?" तिनं विचारलं.

मी आईचं बोलणं सांगितलं. पाच मिनिटांचं दर्शन, प्रसाद घेऊ, कटकट मिटेल.

ती दर सोमवारी उपास करते. देव तिच्यासाठी गंमत नाही. ती म्हणाली, "देवाले यायचं तं देवासाठी येऊ. लपायले नाही. आपण काही चोरी केली का?"

मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता. मी इंडिकेटर बंद केला आणि गाडी उजवीकडे घेतली.

घरी आलो तर आई ओसरीवर, सोबत शेजारच्या काकू. आईनं मोठ्यानं विचारलं, "झालं गा दर्शन?"

उत्तर मला द्यायचं होतं.

"नाही, आई. रामटेकले गेलोच नाही. आम्ही दोघं फिरायले गेलो होतो."

"लेकरं नाही नेली?" काकूंनी विचारलं.

"नाही. मुद्दाम नाही नेली. हिवाळ्यात अजून एकदा जाऊ म्हणतो."

काकूंनी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे न पाहता उठून आत गेली. एरवी मी तिच्या मागे गेलो असतो, समजूत काढली असती, पुढच्या रविवारी रामटेकला नेतो म्हणालो असतो. पायही तसेच वळले होते. पण मी गाडीकडे गेलो, बॅग काढली आणि बायकोसाठी फाटक उघडं धरलं.