मष्णूच्या घरचा उपास

बेळगावजवळच्या हिंडलग्यात मष्णू आप्पाच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की माणसाला उपास लागतो, असं गावात बोलत. तोंडावर नव्हे हो, पाठीमागं! शेजारच्या महादेवाला तर त्या घरात कायम सोमवार असायचा, बाहेर मग गुरुवार का असेना. आला-गेला दारातच सांगायचा, "आप्पा, नुसता चा कर. आज उपास हाय." आप्पाही मुकाट्यानं आधण ठेवायचा. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. त्याच्या हातचा घास तीन वर्षांत कुणाच्या तोंडात गेला नव्हता. एकट्यापुरतं रांधायचं, एकट्यानं गिळायचं आणि एकच ताट विसळून पालथं घालायचं, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. बाकीच्यांनी उगीच मान डोलावू नये.

कारण होतं, मी कुठं नाही म्हणतोय? मष्णूची बायको जयाबाई. तिची भरली कोंबडी म्हणजे यात्रेचा मान. आख्खी कोंबडी, पोटात कांदा-खोबऱ्याचा मसाला आणि उकडलेली अंडी, पाय दोऱ्यानं बांधलेले, पातेल्यावर झाकण आणि झाकणावर निखारे. मंदिरात नारळ फोडून पावणे सरळ तिच्याच अंगणात यायचे. कोंबडी शिजली की नाही हे ती तंगडीचा सांधा जरा पिळून ओळखायची. तिला बोटांनी कळायचं. बोटांचं शहाणपण कुणाला लिहून देता येत नाही, तेव्हा ती गेली आणि तेही गेलं.

ती गेल्यावरची पहिली यात्रा. सगळ्यांनी सांगितलं, यंदा राहू दे. पण मष्णू कसला ऐकतोय! एकतीस वर्षं बेळगाव–निपाणी–कोल्हापूर सरकारी गाडी हाणलेला माणूस, एकदा गिअर टाकला की टाकला. "बायको गेली म्हणून पावण्यांना उपाशी धाडू व्हय?" म्हणाला. अकरा पावण्यांसाठी तीन बॉयलर कोंबड्या एकाच पातेल्यात ठासून भरल्या. वरून रंग काय सुरेख आला होता! लालबुंद, चकचकीत. आत हाडापाशी मात्र कच्चीच राहिली होती. अंगणात उजेड कमी, मसाला लाल, कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सात जण आडवे झाले. मालुबाई, म्हणजे निपाणीला दिलेली त्याची थोरली बहीण, तिची नात आरोही सहा वर्षांची होती. तिला दोन दिवस सलाईन लावावं लागलं.

पोर वाचली. कुणी मष्णूला वावगा शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, चार शिव्या खाऊन माणूस मोकळा झाला असता. नुसते उपास सुरू झाले. सगळ्यांचे उपास त्यानं सोसले, पण मालुआक्का वर्षातून दोनदा यायची आणि तीही "उपास हाय रं" म्हणून चहावर उठायची, ते त्याच्या काळजाला लागायचं. आई गेल्यावर ह्याच आक्कानं त्याला भरवलं होतं.

यंदा यात्रेच्या आधी बेंगळूरहून लेकीचा, रचनाचा फोन आला. म्हणाली, "आप्पा, मटणात खुपसायचा थर्मामीटर मिळतो. आत किती तापलंय त्याचा आकडा दाखवतो. कोंबडी चौऱ्याहत्तरच्या वर गेली की काळजी नाही."

"ताप आल्यावर काखेत धरतात तसला?"

"तसलाच. पण काखेतला नको घालू!"

मष्णू हसला. मग फोन ठेवून बराच वेळ त्या आकड्याचा विचार करत बसला. काटा म्हटला की त्याला पटत होतं. उभी हयात त्यानं गाडीत डोळ्यांसमोरच्या काट्यावर भरवसा ठेवला होता. माणसांचा भरवसा गेल्यावर त्याला तेवढाच उरला होता.

बेळगावात भांड्यांच्या दुकानात नागेंद्रानं तीन तऱ्हा पुढ्यात मांडल्या. एक पिस्तुलासारखा, लांबून नेम धरायचा. "आप्पा, हे घ्या, हात लावायलाच नको."

"हे वरची कातडी किती तापली ते सांगणार," मष्णू म्हणाला. "बॉनेटला हात लावून इंजिनाचं काय कळतंय रं? फसलो तो वरच्या रंगालाच की."

दुसरा घड्याळासारखा गोल तबकडीचा. स्वस्त होता, पण काटा सावकाश चढायचा आणि सळई जाड होती. तिसऱ्याची सळई बारीक, टोकाला निमुळती, वर आकडे ठळक, चष्म्याशिवाय दिसणारे. किंमत राहू दे, फार नव्हती एवढंच समजा. मष्णूनं तोच घेतला.

घरी येऊन त्यानं तो उकळत्या पाण्यात धरला. आकडा सत्त्याण्णववर जाऊन थांबला. शंभर काही होईना! झालं, आप्पाचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दुकानात. "खोटा काटा गळ्यात मारलास व्हय? पुन्हा एखादं पोर दवाखान्यात धाडू?" नागेंद्र बिचारा भला, त्यानं बदलून दिला. नवाही सत्त्याण्णव. शेवटी रचनानंच समजावलं, "आप्पा, बेळगाव उंचावर आहे ना, तिथं पाणी शंभरच्या आधीच उकळतं. पेल्यात भरपूर बर्फ आणि थोडं पाणी घाल, त्यात धरून बघ." मष्णूनं बघितलं. शून्य. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की घाटावर गाडीचं पाणीही असंच लवकर उकळायचं. एवढी वर्षं गाडी हाकून हे ठाऊक नव्हतं म्हणून तो स्वतःवरच खेकसला आणि दुकानदाराला फोन करून चुकलं म्हणाला.

मग आक्काला फोन लावला. "यात्रेला ये," एवढंच म्हणाला. 'जेवायला ये' हे दोन शब्द काही केल्या जिभेवर येईनात.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, कोंबडी-मटणाच्या दिवशी, त्यानं एकच कोंबडी भरली. तास-दीड तासानं झाकण काढलं. काय तो रंग! लालबुंद, चकचकीत. मष्णूनं मांडीच्या जाड भागात सळई खुपसली. आकडा धावत सुटला आणि ऐंशीवर गेला. पण टोकाला हाड लागत होतं. हाड लवकर तापतं, ते खोटं बोलतं, हे रचनानं बजावलं होतं. त्यानं सळई मागं घेतली आणि हाडाला न शिवता पुन्हा घातली. एकसष्ट. पोटातला मसाला बघितला. अठ्ठावन्न.

मष्णू चुलीपुढं खाली बसला. तीन वर्षांपूर्वी ह्याच रंगावर त्यानं पातेलं उतरवलं होतं. कसं झालं, कुठं चुकलं, ह्याचा जो घोर त्याला एवढे दिवस खात होता, त्याचं उत्तर आता आकड्यात समोर होतं. त्याला जयाबाईची इतकी आठवण आली की निखारे दिसेनात. डोळे पुसून त्यानं सळई साबणानं धुतली, झाकणावर नवे निखारे घातले आणि तिथंच बसून राहिला. चाळीस मिनिटांनी मांडीत ब्याऐंशी, मसाल्यात एकोणऐंशी. मग पातेलं उतरवलं.

मालुआक्का दुपारी एकटीच आली. पिशवी कोनाड्यात ठेवली, पाय धुतले आणि पाटावर बसली. तोवर मष्णूनं तिला सळईचं, हाडाचं, चौऱ्याहत्तरच्या आकड्याचं सगळं सांगून टाकलं. मष्णू सळई हातात घेऊन उभा, जसा काही साहेबापुढं लायसन घेऊन उभा आहे.

"आक्का, तुझा उपास असंल..."

"कसला उपास?" म्हातारी फणकारली. "एकादस सोडून मी जन्मात उपास केला न्हाय."

"मग तीन वर्सं?"

"आरं खुळ्या, त्या पहिल्या खेपंला आलते तर चूल थंड, भांडी पालथी. जेव म्हणायची तुझी छाती न्हवती. मी काय म्हणू, भूक लागलीया म्हणू? तुझी लाज झाकाया म्हटलं, उपास हाय. मला वाटलं, म्हणशील आक्का, उपास सोड. तू लगीच चाचं भांडं चढवलास! मग दर खेपंला त्येच. बाकीची माणसंबी माझंच बघून शिकली असत्याल."

मष्णूला रडू आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही.

"आणि ह्या खिळ्यावर इस्वास ठेवलास, आमच्यावर न्हाय," ती सळईकडं बोट करून म्हणाली.

"तुमच्यावर हुता की गं," तो म्हणाला. "माझा माझ्यावर न्हवता."

आक्का ताट पुढं ओढून म्हणाली, "वाढ आता. का परत चाच करतोस?"

त्यानं वाढलं. तिनं पहिला घास सावकाश चावला. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

तीन वर्षांत त्याच्या स्वैपाकाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मष्णू मिठाचा डबा आणायला आत गेला आणि तो हातात धरून क्षणभर तिथंच उभा राहिला.

जेवण आटोपलं. आक्कानं हात धुतले, गाडीची वेळ बघितली आणि पिशवीतून एक रिकामा डबा काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. घरनंच आणलेला.

"एक तंगडी घाल. आरोही म्हणालीया, आप्पा आज्जाकडचं घेऊन ये म्हणून. गेल्या गेल्या उकळी आणून देते तिला."

मष्णूनं पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं. वाफ आली तशी तंगडीत सळई खुपसली. पण डोळे असे भरले होते की आकडा काही वाचता येईना. आक्कानं त्याच्या हातातून सळई घेतली, हाडापासून जरा दूर सरकवली आणि डोळे बारीक करून बघितलं.

"किती पायजे म्हणालास?"

"चौऱ्याहत्तर."

"ब्याऐंशी हाय. बांध."