गाईंमागचे सूर

दिवाळीच्या पाडव्याला, गायगोधनाच्या सणाला सजवलेल्या गाई गावात येताना जे वाजायचं, ते शेवटपर्यंत म्हणून दाखवणारा एक तरी माणूस तुमच्या गावात आज आहे का? आमच्या गावात नाही. आणि ते माझ्यामुळे.

माझे बाबा सनई वाजवीत. आधी पाटलाच्या दारात उभं राहून, मग गाईंच्या मागे चालत. बदल्यात उरलेल्या करंज्या मिळत, त्याही वरून पदरात टाकलेल्या. अशी लाजिरवाणी कामं सोडा, असं सांगणारी छापील पत्रकं वाचून माझं डोकं पेटलं होतं. सनई पुन्हा घराबाहेर काढणार नाही, अशी शपथ मी त्यांना घ्यायला लावली.

त्याच साली मुंबईच्या हॉटेलात जाझ वाजवणारा आमचा एक गाववाला नोकरी सुटून जऊळका स्टेशनावर उतरला. त्याला आम्ही उस्ताद म्हणू लागलो, आणि त्याच्या हाताखाली आम्ही सात पोरांनी बँड उभा केला. ठरलं असं, की गायगोधनाला सूर बाबांचेच, पण जाझच्या ठेक्यात, आणि कुणाच्या दारात थांबायचं नाही. बाबा गुणगुणत, मी सारेगम लिहून घेई, उस्ताद ते क्लॅरिनेट आणि कॉर्नेटांत वाटून देत.

बाबा वेशीपर्यंतचे सूर सांगत आणि तिथेच थांबत. वेशीच्या आतले, गाई घरी आल्याचे सूर घरात बसून काढायची रीत नव्हती.

"गाईच्या मांगं चाल, तवाच येतीन ते," एवढंच म्हणाले.

मी त्याला खुळी समजूत म्हणालो. गाईंमागे काही चाललो नाही. उस्ताद म्हणाले, पहिलाच भाग पुन्हा वाजवू.

पाडव्याला बरोबर वेशीत माझा कागद संपला. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. गाई थबकल्या, एकमेकींवर रेलून उभ्या राहिल्या. "पुस्तकातलं सरलं काय रे?" गर्दीतून कुणी विचारलं, तसे लोक हसले. ओवाळायला ताटं घेऊन उभ्या असलेल्या बायका हसल्या नाहीत.

बाबा माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "आणू काय रे सनई?"

मी नाही म्हणालो.

पुढच्या दिवाळीआधी ते गेले. बँड त्याआधीच मोडला होता. करंज्या फेकणारं ते दार वाईटच होतं, हे मी आजही म्हणतो. पण सूर त्या दारातून सोडवून आणायचे होते. मी ते तिथेच पुरले. अर्धी चाल लिहिलेला कागद माझ्यापाशी आहे आणि तो पुरा करणं माझ्या हातात नाही.

तुमच्या घरी गाईंमागे वाजवत चाललेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर पाडव्याची वाट पाहू नका. आजच संध्याकाळी गुरं परततील तेव्हा त्याच्यासोबत चाला, आणि वेशीच्या आत आल्यावर तो जे गुणगुणेल ते लिहून मला पाठवा.